रेजिनासाठी मेणबत्ती

१० डिसेंबर २००७

गिरिजाला आज नाताळ आठवला! सकाळचा नाश्ता झाला का ते आठवत नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव आठवत नाही, पण नाताळ पंधरा दिवसांवर आला हे बरोबर ठाऊक. म्हणाली, "रेजिनाला काहीतरी द्यायचं. घरी केलेलं. विकतचं नको."

माझा चहा बशीत सांडला.

म्हटलं, बघू. विमा कंपनीत चौतीस वर्षं ह्याच एका शब्दावर काढली मी.

११ डिसेंबर

पुन्हा तेच. "बघू नाही. करायचं."

मेणबत्ती करायची असं ठरलंय तिचं. शाळेत हस्तकला शिकवायची ना — एका तासात अख्ख्या वर्गाकडून करून घ्यायची म्हणे. जाड पांढरी मेणबत्ती आणायची, वाळवलेली फुलं गरम चमच्याने त्यावर बसवायची, आणि वितळलेल्या मेणात एकदाच बुचकळून काढायची. झालं! "अर्ध्या तासाचं काम," म्हणाली. अर्धांगवायू झाल्यापासून तिच्या उजव्या हातात साधा पेला राहत नाही. म्हणजे हा अर्धा तास कोणाचा, ते सांगायला नको.

रेजिनाचं नाव ह्या घरात दोन महिन्यांनी निघालं.

१२ डिसेंबर

इथे तरी लिहून टाकतो. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

रेजिना उत्तनजवळच्या डोंगरीहून यायची. आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली. सव्वा वर्ष गिरिजाचं सगळं तिने केलं — अंघोळ, मालिश, व्यायाम, वेणीसुद्धा. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी मीच तिला म्हटलं, पाच वाजले, तू जा, नाहीतर बस चुकेल. मी आहे घरात. तिने विचारलं, "काका, बसाल नं काकींजवल?" म्हटलं, बसतो की!

गिरिजाला डोळा लागला होता. मी लॅच ओढलं आणि खाली सोसायटीच्या ऑफिसात गेलो. कॅरमचा एक डाव. जिंकलो. मग दुसरा. तोही जिंकलो! दीड तासाने वर आलो तर गिरिजा बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेली. खुबा मोडलेला. ओरडून ओरडून आवाज बसलेला.

परागने बंगळूरहून फोनवर विचारलं — रेजिना कुठे होती? मी म्हटलं, ती आज लवकर गेली. ह्यात एक अक्षर खोटं नाही. आमचे चिरंजीव तिथूनच कडाडले, "असल्या बायका कामावर ठेवायच्याच नसतात!" मी ऐकून घेतलं. दहा-बारा दिवसांत ब्युरोने रेजिनाचं नाव काढून टाकलं. परागनेच तक्रार केली असणार. गिरिजाला त्या संध्याकाळचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने होतं तसं.

मी कॅरम सोडला. केवढा हा त्याग!

१३ डिसेंबर

परागचा फोन. नेहमीचंच — "बाबा, तुम्हाला झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. इथे चांगलं होम आहे. आईला तिथे ठेवू." मला झेपतं, म्हटलं. गिरिजा डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती.

१४ डिसेंबर

शांती नगरच्या बाजारातून वीतभर उंचीची मेणबत्ती आणली. वितळवायला साध्या मेणबत्त्यांचं एक पाकीट. फुलं म्हणून देव्हाऱ्यातला कालचा हार उचलला, तर गिरिजा खेकसली — "निर्माल्य? भेट द्यायला?" दीड वर्षात मला एवढ्या जोरात बोलली नव्हती. बरं वाटलं ऐकून.

मग खाली फुलवाल्याकडून ताजा झेंडू आणि बारीक शेवंती. पाकळ्या टेलिफोन डिरेक्टरीत घालून वर पाट ठेवला, पाटावर गव्हाचा डबा.

१७ डिसेंबर

अर्ध्या तासाचं काम साडेतीन तास चाललं.

पातेल्यात पाणी, त्यात पत्र्याचा डबा, डब्यात मेण. चमचा गॅसवर तापवायचा, पाकळी मेणबत्तीवर धरायची, चमच्याची पाठ हळूच फिरवायची. पाकळी बसते. चमचा जास्त तापला की काळी पडते, कमी तापला की गळून पडते. मी दोन्ही करून पाहिलं. मग बुचकळायची. गिरिजा पलंगावरून सांगत होती, "एक म्हणायचं आणि बाहेर! एक म्हणायचं आणि —" मी बहुधा चार म्हणालो. फुलं ढगाआड गेली. आणि मेणबत्ती बसली वाकडी.

हंसा — दिवाळीपासून हीच येते गिरिजाकडे — भाजी गरम करायला आत गेली आणि किंचाळली. "काका, पूरे ओटले पे मोम! ये कौन साफ करेगा?" मीच केलं. जुन्या सुरीने खरवडत बसलो. खरवडता खरवडता एकदम रडू आलं. नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

१८ डिसेंबर

दुसरी मेणबत्ती आणली. ही जमली! खरंच जमली. खाली झेंडू, वर शेवंती, वरून मेणाचा पातळ पापुद्रा. गिरिजाने डाव्या हाताने फिरवून फिरवून पाहिली. दहापैकी सात दिले. "शेवंती जरा दाटली," म्हणाली.

१९ डिसेंबर

मला नुसत्या फुलांवर समाधान होईना. मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद कापून अक्षरं केली. रे-जि-ना. वर एक छोटा क्रूस. तिच्या देवाचं काहीतरी असावं म्हणून. झकास दिसतंय.

गिरिजा म्हणाली, "नाव कशाला? डब्यावर घालतात नाव, लग्नात हरवू नये म्हणून." तिला काय कळतंय. मला तिथे नाव हवंच होतं. दोन महिने ते नाव मी तोंडातून काढलं नाही.

आणि खरं सांगू? माझ्या मनात हिशेब चाललाय की मेणबत्ती इतकी सुंदर व्हावी की मला काही बोलावंच लागू नये.

२१ डिसेंबर

उद्या जातो. गिरिजा म्हणाली, "हातात द्या. दारातून फिरू नका." माझ्याकडे न बघता म्हणाली.

२२ डिसेंबर

जाऊन आलो. सरळ लिहितो.

डोंगरीला उतरून विचारत विचारत गेलो. दारोदारी चांदण्या, गोठ्याचे देखावे, कुठे करंज्या तळल्याचा वास. रेजिनाच्या दारात चांदणी होती पण कागदाची, घरी केलेली. रेजिना घरात नव्हती. सासू म्हणाली, "ती उत्तनला गेली. बोंबील वालवाला." मी बसून राहिलो. सासूने चहा दिला, करंजी दिली. मी कोण, ते विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

तासाभराने रेजिना आली. हातांना खार, बोटांना चिंध्या. ह्याच हातांनी गिरिजाला मालिश करायची. मला बघून दारातच थांबली. मग म्हणाली, "काकी बऱ्या हायत नं?" पहिलं वाक्य हे! पाठ दुखते म्हटल्यावर विचारलं, "कुशीवर वलवता नं दर दोन तासांनी? नवीन बाई करते?" मी हो म्हटलं. हंसा करत नाही. मी आठवलं तर करतो.

खोका पुढे केला. तिने मेणबत्ती काढली आणि दोन्ही हातांत धरली. सासूने वाकून पाहिलं आणि एकदम छातीवर क्रूस केला. "बाय माझे! झेंडू, क्रूस नि नाव! ही तं आमी मेलेल्यांच्या दिवसाला कबरीवर लावतो. जित्या बाईचं नाव कनाला घातलंस?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हटलं, चुकलो, मला माहीत नव्हतं, आमच्यात झेंडू शुभ — काय काय बरळलो. रेजिनाच हसली. "आये, ऱ्हाऊ दे. काकांनी हातानं केली हाय." मग नखाने ती अक्षरं हळूहळू काढायला लागली. रे गेलं. जि गेलं. ना जरा घट्ट होतं.

तेव्हा बोलायचं होतं. सासूसमोर, मोठ्याने. म्हणायचं होतं, ह्या पोरीला मीच घरी पाठवलं होतं आणि मी कॅरम खेळत होतो. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "बस किती वाजता आहे?"

रेजिना स्टॉपपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "ब्युरोवाल्या मॅडमना मी खरं सांगतलेलं, काका. त्या म्हनल्या, पेशंटकडं विचारून बगतो." बस आल्यावर म्हणाली, "काकींना सांगा, माझा राग न्हाय."

माझ्याबद्दल काहीच म्हणाली नाही. म्हणण्यासारखं काय आहे!

२३ डिसेंबर

गिरिजाने विचारलं, दिलीत? दिली. आवडली? खूप. आणखी काय म्हणाली? म्हटलं, तुझ्यावर राग नाही म्हणाली. गिरिजाने तोंड भिंतीकडे केलं. जेवली नाही. हंसाने भरवायचा प्रयत्न केला तर तोंड घट्ट मिटून घेतलं.

झेंडूचं आणि सासूचं काही सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट पोटात. पोट आहे की पेटारा!

२५ डिसेंबर

नाताळ. आमच्या पूनम सागर वसाहतीत सगळीकडे रोषणाई. मी दर दोन तासांनी गिरिजाला कुशीवर वळवलं. घड्याळ लावून.

२७ डिसेंबर

डोळ्यांपुढून तिचे हात जात नाहीत. सव्वा वर्षात गिरिजाला एक बेडसोर होऊ दिला नाही तिने. आणि आता बोंबील वाळवते. माझ्यामुळे. मी दोन डाव जिंकलो म्हणून.

उद्या ब्युरोत जायचं. हे इथे लिहिलंय, आता मागे फिरायचं नाही. परागला कळलं तर कळू दे. आईला घेऊन गेला तर — तर मी काय करीन, माहीत नाही. पण जायचं.

२८ डिसेंबर

घरून कागद लिहूनच नेला. तिथे बसून लिहिणं जमलं नसतं. "दिनांक १९ ऑक्टोबर रोजी रेजिना यांना मीच लवकर घरी जाण्यास सांगितले. पत्नी पडली तेव्हा मी घरी नव्हतो. खाली कॅरम खेळत होतो. रेजिना यांचा काही दोष नाही." खाली सही — सुभाष. चौतीस वर्षांत इतका सरळ मजकूर लिहिला नव्हता.

ब्युरोच्या मॅडम नवघरला बसतात. कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "रेजिनाने हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द. पण काका, आम्ही पेशंटचं ऐकतो."

मी म्हटलं, माझ्या मुलाने तक्रार केली, तो इथे नव्हता, त्याला काय माहीत!

"मुलाचा फोन नाही आला कधी," मॅडम म्हणाल्या. "मीच केला होता तुमच्या घरी. तुमच्या मिसेसनी उचलला." रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. २९ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा. पेशंटचे म्हणणे — बाई न विचारता निघून गेली. मिस्टर घरीच होते, आतल्या खोलीत झोपले होते.

मी ते तीन-चारदा वाचलं. साडेअकराला मी केमिस्टकडे असतो.

मॅडम म्हणाल्या, "आता हा कागद मी फाइलला लावला तर तुमच्या मिसेस खोट्या पडतात. लावू का?"

मी रजिस्टर मिटून त्यांच्याकडे सरकवलं. मग म्हटलं, लावा. त्या म्हणाल्या, रेजिनाचं नाव परत चढवते, पण काम कधी मिळेल ते सांगता येत नाही. एकदा नाव गेलं की लोक विचारतात.

घरी आलो. गिरिजाला काही विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही, कुठे गेला होतात.

२९ डिसेंबर

विचारलं.

गिरिजाला सगळं आठवतंय. पहिल्या दिवसापासून. म्हणाली, "तुम्ही घरी नव्हता हे परागला कळलं असतं तर त्याने मला होममध्ये नेऊन ठेवलं असतं. मला तुमच्यापाशी राहायचं होतं." मी म्हटलं, आणि रेजिना? तिने डाव्या हाताने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "वाटलं, तिचं काय, तिला दुसरं काम मिळेल."

मलाही तेच वाटलं होतं.