आषाढातली हजेरी

बेळगाव,
मंगळवार, ता. ७ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप गं. भा. रुक्माक्कास, धाकट्या भावकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून तुझ्या भावजयीचा, नागुबाईचा गुडघा पुन्हा धरला आहे, तरी ती स्वयंपाकघर सोडत नाही आणि माझ्यावर तोंड टाकायचंही सोडत नाही. वखारीत लाकूड पडून आहे, गिऱ्हाईक नाही. तुझ्याकडे सुगीची घाई असेल. खळं सारवून झालं का? काळ्या म्हशीचं रेडकू जगलं की नाही, तेही कळलं नाही.

हे पत्र मनू वाचत असणार. पूर्वी करंजवाडीतली सगळी पत्रं आण्णाप्पा मास्तर वाचायचे. त्यांची बदली झाली आणि आता वाडीत अक्षर ओळखणारी मोठी माणसं दोन. त्यातला एक टपाल येतं त्या वेळी शुद्धीत नसतो आणि दुसरा वाचलेलं गावभर करतो. म्हणजे राहिली आपली नऊ वर्षांची नात. मनू, तुझ्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे. टिंब आलं की थांब, श्वास घे, मग पुढं जा. आजी मध्येच बोलायला लागली तर ओळीवर बोट धरून ठेव.

आक्का, मागचं पत्र मी दसऱ्याच्या आधी घातलं होतं. सरकारनं शाळांचं अनुदान कापलं, बोर्डाचा नाइलाज झाला आणि वाडीची शाळा बंद झाली, असं त्यात होतं. तुझं उत्तर आलं नाही. त्या पत्रात खोटं काही नव्हतं. मी ते तीनदा वाचून पाहिलं होतं, खोटं सापडू नये म्हणूनच.

भाऊबीजेला वखारीत काम निघालं म्हणून येत नाही, असा निरोप मी गुंजी स्टेशनवरच्या भरमाकडून तुला पाठवला. काम नव्हतं. निरोप द्यायला मी स्वतःच गुंजीपर्यंत आलो होतो. हातात तुझं लुगडं होतं, निळं, बारीक काठाचं, तुला आवडतं तसं. उतरलो आणि पिंपळाखालच्या बाकावर बसलो. भरमा म्हणाला, "आक्का रोज सकाळी सोप्यात चटया हातरतीया. पोरं न्हाईत, मास्तर न्हाय, तरी हातरतीया." त्यानं हे सहज सांगितलं. तुझ्या त्या सोप्यात तेरा वर्षं शाळा भरली आणि भाड्याचा एक पैसा तू घेतला नाहीस. बाकावरून उठून वाडीची वाट धरायला मला जमलं नाही. दुपारच्या गाडीनं परत गेलो. लुगडं इथं पेटीत आहे. नागुबाईनं विचारलं, तेव्हा तिलाही धड काही सांगितलं नाही.

आता सांगतो. वय झालं, आणि आत धरून ठेवायचा कंटाळा आला.

बोर्ड म्हणजे काय हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. जिल्ह्याच्या शाळा-बोर्डावर निवडून आलो तेव्हा तू ओवाळलंस आणि म्हणालीस, "आता आपल्याकडच्या शाळा तुज्या पदरात." मला तेव्हा बरं वाटलं होतं. बोर्ड म्हणजे एक लांब टेबल, पंधरा खुर्च्या आणि भरपूर चहा. मास्तरांचा पगार सरकारच्या पैशावर चालतो. यंदा तो पैसा कमी आला. मास्तरांचा पगार आधीच दोनदा कापला होता, तिसऱ्यांदा कापायला कुणी धजेना. मग अध्यक्ष म्हणाले की वीस शाळा बंद करायच्या, प्रत्येक मेंबरानं आपापल्या भागातल्या एक-दोन शाळांची नावं द्यावीत.

नाव द्यायचं कुणाचं? आमच्या भागातल्या प्रत्येक गावात मी जेवलो आहे. निवडणुकीत बायकांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं होतं. निपाणीकडचे मेंबर पान जुळवत होते. तेव्हा एक मेंबर उभा राहिला आणि म्हणाला की नावं कुणीच देऊ नयेत, एक कायदा करावा. पंधरा दिवस शाळांची हजेरी घ्यायची आणि जिथं सरासरी पंचवीसच्या खाली येईल ती शाळा आपोआप बंद. म्हणजे कुणाचा कुणावर राग नाही. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. अध्यक्ष म्हणाले, याला म्हणतात न्याय. कारकुनानं विचारलं, हजेरी कधीपासून? तो मेंबर म्हणाला, कशाला उशीर, येत्या सोमवारपासून.

तो सोमवार आषाढातला होता.

तुला पुढचं सांगायला नको. त्या पंधरवड्यात मनू कुठं होती? चिखलात होती, रोपाच्या पेंढ्या पोचवत होती. भातकरी गावात आषाढात शाळेत पोर सापडत नाही. निपाणीकडं तंबाखूची लावण श्रावणात, त्यामुळं तिकडची एकच शाळा गेली. आपल्याकडच्या अकरा गेल्या. यादी आली तेव्हा तिच्यात करंजवाडीपुढं एकोणीस आकडा होता. एवढी तरी पोरं कशी आली याचंच मला नवल वाटलं, आणि मग कळलं की मास्तर पावसात घरोघर फिरले असणार.

आक्का, तो मेंबर मी होतो.

कायदा माझा आणि सोमवारही माझाच. यादी वाचली तेव्हाच चूक माझ्या ध्यानात आली होती. उठून म्हणता आलं असतं की ही हजेरी लावणीतली आहे, धरू नका. पण मग चौदा माणसं म्हणाली असती की बहिणीच्या सोप्यातली शाळा गेली म्हणून हा गावडे आता उलटला. त्या एका वाक्याला मी भ्यालो. ठराव मताला आला तेव्हा सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला.

मी भातकऱ्याचा मुलगा, मी आषाढ कसा विसरलो, याचा विचार करून डोकं शिणलं. सहा वर्षं शहरात राहिलो हे कारण पुरेसं नाही. मला दुसरंच आठवतं. मी आठ वर्षांचा असताना आप्पा म्हणाले होते की लावणीला पोरगा शेतात पाहिजे. तू तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तू म्हणालीस, "त्येची पात मी लावते." आणि दर आषाढात तुझ्या ओळीशेजारी माझ्या वाट्याची ओळ, माझी पातही लावलीस. माझे पाय चिखलात गेलेच नाहीत. आषाढात शाळेत बसलेला गावातला मी एकटा. ज्या माणसाला तू लावणी लागू दिली नाहीस, तोच ती विसरला. हे मला कुणाला सांगताही येत नाही, इतकी लाज वाटते.

आता कामाचं. सोमवार, ता. २० रोजी बोर्डाची बैठक आहे. त्या दिवशी मी उभा राहून सांगणार आहे की कायदा माझा होता आणि तो चुकला. पण नुसत्या बोलण्यावर बोर्ड शाळा उघडणार नाही, कागद लागतो. पौष-माघात वाडीची हजेरी छत्तीसच्या वर होती हे मास्तरांनी मला सांगितलं होतं. ते हजेरीबुक पाहिजे. सामान न्यायला शिपाई आला तेव्हा तू फळा दिलास, नकाशा दिलास आणि बुक उंदरांनी खाल्लं म्हणालीस. शिपायानं ते खरं मानलं. मी मानलं नाही. तुझ्या घरात उंदीर टिकत नाहीत.

बुक भरमाकडं दे, तो गाडीतून पाठवील. खोटी आशा दाखवत नाही. पैसा आजही तेवढाच कमी आहे आणि वाडीची शाळा उघडली तर दुसऱ्या कुठल्या तरी गावाची जाईल, असंही होईल. बोलून झालं की राजीनामा देणार आहे. दमलो आहे. ती खुर्ची आता टोचते.

मनू, यातलं काही गाळलं असशील तर परत मागं जा आणि वाच. तुझी शाळा कुणी घालवली हे तुलाच मोठ्यानं वाचायला लावतो आहे, पण दुसरा इलाज तुझ्या आज्यानं ठेवला नाही. खाली अर्धा कागद कोरा सोडला आहे. आजी सांगेल ते त्यावर लिही. शिवी दिली तर शिवी लिही, शुद्ध करू नकोस.

तुझ्या दोन पातींचा देणेकरी,
भावकू

—

करंजवाडी,
रविवार

भावकू आज्याला मनूचा नमस्कार. आजी सांगते तसंच लिहिते.

तू इष्टेशनावरनं परत गेलतास ते मला त्याच सांजंला कळलंतं. भरमाच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. म्हणून मागनं बी उत्तर धाडलं न्हाय. कायदा तुजा ते मातर ठावं नव्हतं.

(इथं आजीनं मला थांबवलं. मग पत्र पुन्हा वाचायला लावलं. मी काही गाळलं नाही.)

बुक हाय. कणगीत भाताखाली हाय. भरमाकडं देणार न्हाय, तुज्या बी हातात देणार न्हाय. मी सोता घेऊन येते. सुगी पडली तर पडू दे. बैठकीच्या सोमवारी सकाळच्या गाडीला बेळगावात इष्टेशनावर ये. मनू संगट हाय. छत्तीस पोरांची नावं ती वाचंल, ती वाचून हुईस्तवर कुणी चा प्यायचा न्हाय म्हणून सांग तुज्या अध्यक्षाला. तू काय बोलतोस ते मी दारात बसून ऐकणार हाय.

राजीनामा देऊ नगंस. तू वखारीत जाऊन बसशील, मग त्या अकरा गावांसाठी भांडायचं कुणी? दमलास व्हय? मी बी दमले. दमलेल्या माणसानं बी पात पुरी करायची असती.

लुगडं पेटीतच असू दे. आणू नगंस. सोप्यात पोरं बसतील त्या दिवशी नेसीन.

रेडकू जगलं.

आजीचं सांगून संपलं.

कु. मनूबाई,
इयत्ता चौथी,
मराठी शाळा, करंजवाडी