पळसाच्या वाखाची गाठ

३ जानेवारी १९५८, नाचणगाव
नागपूरहून मिशनच्या कॉलेजचं पाकीट. पंचवीस वर्षं झाली म्हणे — स्मरणिका काढताहेत. तीन भाग: माजी विद्यार्थी, अध्यापक, चालक. वर्धा जिल्ह्यातल्या नाव काढलेल्या विद्यार्थ्यांची माहिती मी पाठवायची! खाली सही फादर रेबेलोंची. आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता प्राचार्य आहेत.

बायको म्हणाली, "पहिले आपलं लिवा." लिहिलंच. 'हेडमास्तर. वनस्पतिसंग्रहासाठी सुवर्णपदक, १९३८.'

६ जानेवारी
एक मुन्सफ, दोन वकील, एक डेप्युटी कलेक्टर, आर्वीचे डॉक्टर. ठीक जमलं.

पुनाजीचं काय करू? इंटरला नापास होऊन गेला तो. फॉर्मवर 'हुद्दा' असा रकाना आहे. त्यात काय लिहिणार?

९ जानेवारी
इथे तरी खरं लिहावं. पदकाच्या संग्रहातली झाडं पुनाजीची होती. सगळी!

होस्टेलात आम्ही एका खोलीत. तो कारंज्याकडचा गोंड. सुट्टीत घरी गेला की रानातून डहाळ्या आणायचा, जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि कागदावर पळसाची मुळी ठेचून काढलेल्या धाग्यानं, वाखानं, बांधायचा — दोन वेढे, एक उलटी गाठ. त्याच्या घरी सगळं तसंच बांधतात. आम्ही बाकीचे डिंकानं चिकटवायचो. वर्गात फादर त्याची गाठ बोटानं चाचपून बघायचे आणि हसायचे.

मी फक्त चिठ्ठ्या डकवल्या. लॅटिन नावं, सुरेख अक्षर, खाली माझी सही. "राहू दे तुह्या नावानं, मले काय करायचं पदक?" असं पुनाजी म्हणाला होता. वीस वर्षं हे वाक्य मी स्वतःला ऐकवत आलोय. पण ते तो कधी म्हणाला? संग्रह देऊन झाल्यावर. आधी मी विचारलंच नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार
मोटारीनं कारंजा, पुढे दोन कोस पायी. पुनाजी आता जंगलखात्याच्या कूपात लाकूडतोडीला जातो. केस पांढरे झालेत. त्याच्या बायकोनं, सखूनं, तुरीच्या शेंगा उकडून पुढे ठेवल्या.

"पुना, कॉलेजच्या पुस्तकात तुह्यं नाव देतो."

"माह्यं? मी तं नापास! हासतीन ना लोकं."

"पदकाचंबी फादरले लिहून टाकतो."

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "आता काऊन? हेडमास्तर हायेस तू. शाळेतले पोरं काय म्हनतीन तुले? नोको सांगू."

माझीच काळजी! पाणी मागितलं, प्यायलो, निघालो. येताना त्यानं शेंगांचं गाठोडं दिलं. "वैनीले देजो."

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटला. पाकीट अजून उघडंच ठेवलंय. त्या गाठोड्यालाही तीच गाठ होती. बायकोला सुटेना, मी सोडवली.

१५ जानेवारी
फॉर्म टपालात टाकला. पुनाजीचं नाव नाही. माझं पदक आहे. तो नको म्हणाला म्हणून — असं म्हणायची सोय झाली! भित्रा आहे मी.

२० जानेवारी
शाळेची तपासणी. झकास पार पडली. इन्स्पेक्टरसाहेबांनी भिंतीवरचं पदकाचं प्रमाणपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

२ मार्च
स्मरणिका आली. विद्यार्थ्यांत माझं नाव, हुद्दा. पदकाची ओळ नाही. छापखान्याची चूक असेल म्हणून पान उलटलं. अध्यापक, वनस्पतिशास्त्र — फादर रेबेलोंच्याही वर: 'पुनाजी उईके, कारंजा. आम्हांला रान यांनी शिकवलं.' शेजारी माझ्या संग्रहातल्या एका पानाचा फोटो. दोन वेढे, एक उलटी गाठ.

माहिती पाठवायचं काम जिल्ह्यात नेमकं माझ्याकडेच का दिलं होतं, ते आज कळलं.