बाबांचा आजचा आकडा

बान नोंग खाम,
२४ फेब्रुवारी

लमाई ताई,

तू बरी असशील, तुझा तो तैवानी नवराही बरा असेल, आणि कारखान्यात दोन घास भात मिळत असेल असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. अक्षराला हसू नकोस. शाळेत मी किती गेलो ते तुला माहितीय, मला हुडकायला तूच यायचीस.

इकडं सगळं ठीक. म्हैस व्याली. बाबांची कंबर जरा धरलीय.

कंबरेवर पुई नर्सबाई एक कडूगोड पाणी देतात, दर चार तासांनी पाजायचं. मॉर्फिन. नाव ऐकल्यावर शेजारपाजार असा पांगला, जणू मी दारात वाघ बांधलाय. "खाम्पान म्हातारपणी गर्दुल्ला झाला," म्हणे. नर्सबाई म्हणाल्या, "दुखण्यावर मापात घेतलं की कुणी गर्दुल्ला होत नाही. आधी चार दिवस झोप येईल, मग अंग सरावतं. पोट मात्र या औषधाला कधीच सरावत नाही, कोठा जडच राहतो, म्हणून जुलाबाचं औषध रोज द्यायचं. विसरलास तर तुलाच पाजीन."

आता गंमत ऐक. बाई रोज विचारतात, "काका, शून्य ते दहा, किती दुखतंय?" आणि बाबा कसे, तुला ठाऊकच आहे. समोरच्याला त्रास नको. घर पेटलं तरी म्हणतील, जरा ऊब वाटतेय.

"थोडंसं," बाबा म्हणाले.

"आकडा सांगा."

"तुम्हीच ठरवा बाई, तुम्ही शिकलेल्या."

शेवटी फुटले. सकाळी आठ, औषधानंतर तीन. कुंपणापलीकडं चानआजी लसूण निवडत होती. तिनं ऐकलं आणि लॉटरीला त्र्याऐंशी लावला.

लागला ना ताई!

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आपल्या ओट्यावर. जे वाघाला भीत होते तेच फणस घेऊन आले. बाबा उशीला टेकून असे बसले, जणू देवळातले मोठे भंते. मी चटई टाकली, पंखा लावला, आणि आकड्याआधी सगळ्यांना हात जोडायला लावले. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. महिनाभरात बाबा पहिल्यांदाच हसत होते.

पण लोकांचं समाधान होतंय होय?

"काका, काल चार, आज पण चार? चाराला कोण विचारतंय!"

"नऊ म्हणा की! नऊ शुभ असतो."

एवढी माणसं उन्हातून आलेली, त्यांना नाही कसं म्हणायचं? बाबा म्हणाले, "नऊ."

नर्सबाईंनी माप वाढवलं. दुसऱ्याही दिवशी नऊ. पुन्हा वाढवलं.

त्या दुपारी बाबांना हलवलं तर उठेनात. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी. एक श्वास, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी अनवाणी पळालो. बाई आल्या, बाबांना हाका मारमारून जागं ठेवलं, पुढचं औषध थांबवलं, आणि श्वास मोजत तिथंच बसल्या. सगळं ताळ्यावर आल्यावर माझा कान धरला.

"दुखणं माणसाला जागं ठेवतं, गाढवा. दुखणं तीनचं आणि औषध नऊचं झालं, की जादाचं औषध श्वासालाच झोपवतं. आकडा खोटा, तर मी आंधळी."

बाबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "नऊ लागला का?"

"नाही."

"अरेरे. बिचारे."

मग गल्लीला आकडा कळू नये म्हणून मी खुणेची भाषा काढली. रोज ओट्यावर मोठ्यानं विचारतो, "बाबा, पपईच्या कोशिंबिरीत मिरच्या किती ठेचू?" ते मिरच्या सांगतात, मी बाईंना कळवतो. आता खरं बोलतात. मिरचीबाबत आपल्याकडं कुणी खोटं बोलत नाही.

ताई, कंबर नाही गं. पित्ताच्या नळीत गाठ आहे, कच्चे मासे खाऊन होते ती. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, यांना जे आवडतं ते खाऊ द्या. बाबा खूश झाले. मी बाहेर जाऊन उगाच सायकलची साखळी साफ करत बसलो. तू मावशीला म्हणालीस म्हणे, एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला जमलं तर बघू. सोंगक्रान लांब आहे, ताई.

हल्ली रोज दोनच मिरच्या. बाईंनी जपून माप थोडं वाढवलं, तरी दोन.

"काका, हे दोन नेमके कुठं दुखतात?"

बाबांनी बराच विचार केला. "तैवानला."

बाईंनी बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाल्या, "तिथवर आमचं औषध जात नाही हो."

बाबांनी तुला बोलावलेलं नाही. उलट मला दम दिलाय, "तिला कळवू नकोस, रजा मागायला लागेल तिला." तेव्हा तुझ्या लग्नावरून तोंड बघणार नाही म्हणाले, ते आता कुणी काढत नाही. बाबा तर नाहीच नाही.

आणखी एक भानगड. गल्लीला मिरच्यांचं कळलंय. एक तारखेच्या सोडतीला चानआजीसकट सगळ्यांनी दोनावर पैसे लावलेत.

तू ये आणि बुडव सगळ्यांना.

वाट बघणारा (मीच, बाबा नव्हे, असं त्यांनी सांगायला सांगितलंय),
ओत