तेरावा शब्द आणि बाकीची मालमत्ता

हे लिहायला मी फार टाळाटाळ केली. आधी म्हटलं पेन नाही. वॉर्डातल्या मावशींनी पेन आणून दिलं तर म्हटलं पाठीला उशी नाही. उशी मिळाली, तर समोरच्या इमारतीत कुणीतरी कपाट वर चढवत होतं ते बघत बसलो. दारं न बांधताच चढवत होते. मधल्या जिन्यात उघडणार हे मला इथून दिसत होतं, आणि उघडलीच. आता उद्या सकाळी माझं डोकं उघडणार आहेत, त्यामुळे टाळायला जागा उरली नाही.

तर मी, ज्याला घरी आणि ट्रकवर सगळे भिंगरी म्हणतात, घरसामान हलवणाऱ्या टोळीतला हमाल, राहणार कुठेच नीट नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर आणि कुणाचा दबाव नसताना लिहून ठेवतो. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला महिने उलटे म्हणायला लावले, ते मी म्हटले. मग त्यांनी विचारलं, "काही विसरायला होतं का?" मी म्हणालो, "एकच गोष्ट." त्या म्हणाल्या, "एक चालते." कुठली ते त्यांना काय माहीत.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. या कागदाप्रमाणे सगळं घडवून आणायचं काम माझ्या ताईकडे देतो. ती चिडेल, पण करील.

कलम १. अवजारं. पाठीवर फ्रिज घ्यायचा रुंद पट्टा, दोरखंड, दोन जाड कांबळी आणि हातमोजे मुकादमांना परत द्यावेत. पट्ट्याची कडी मी बदलून घेतली आहे. मुकादम म्हणतील, जुनीच बरी होती. म्हणू देत. तेच मला एकदा तिसऱ्या मजल्यावर पियानोखाली सोडून नेमके चहा प्यायला खाली गेले होते, आणि वर आल्यावर विचारलं होतं, "जिवंत आहेस ना रे? मग उचल." त्याचा राग मी आजपासून सोडतो.

कलम २. घर. माझी दोन घरं आहेत. पहिलं लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांचं, जिथे आम्ही वाढलो. ते दादाच्या नावावर आहे. त्यात माझा हक्क असलाच तर तो मी सोडतो, भांडत बसायला वेळ नाही.

दुसरं घर माझ्या डोक्यात आहे. तेच, पण आई असतानाचं. खालून इस्त्रीची वाफ वर यायची तेव्हाचं. हे घर मी आतल्या सामानासकट ताईला देतो. सामान म्हणजे बारा शब्द. हे नीट सांगायला हवं, कारण ताईशिवाय कुणी वाचलं तर त्याला वाटेल, ऑपरेशनच्या आधीच याचं डोकं गेलं.

आमच्या ट्रकचा ड्रायव्हर लंब्या. उंचीने माझ्या खांद्याला लागायचा, म्हणून लंब्या. त्याने आणि मी साठवलेले पैसे क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये टाकले. कल्पना त्याची. बँकेतल्या पैशांवर त्याच्या मेव्हण्यांचा डोळा होता. असं वॉलेट उघडलं की ते तुम्हाला बारा शब्द देतं. हे शब्द ओळीने ज्याच्याकडे, पैसे त्याचे. हरवले तर अर्ज करायला ऑफिस नाही. बँकेत निदान काचेमागे एक माणूस असतो, त्याच्यावर ओरडता येतं.

मी म्हणालो, "लिहून ठेवू कुठेतरी."

लंब्या म्हणाला, "कुठे? केबिन फोडून आपले बूट नेले लोकांनी. तुझ्या डोक्यात ठेव. तिथे कोण शिरतंय?"

"माझ्या डोक्यात काही राहत नाही. शाळेत सगळे हेच म्हणायचे."

"शब्द राहत नसतील. सामान राहतं. परवा त्या बाईंच्या बरणीचं झाकण कुठल्या खोक्यात गेलं, ते तूच सांगितलंस ना?"

ते खरं होतं. मुकादम यादी करत नाहीत. ते घरात एकदा हिंडतात, सगळ्यात आतल्या खोलीपासून दारापर्यंत, आणि प्रत्येक वस्तूपाशी ओळखीचा एक माणूस उभा करतात. तो काहीतरी वेडंवाकडं करत असला पाहिजे. साधा उभा राहिला तर विसरायला होतं. तसेच मी ते बारा शब्द आईच्या घरात ठेवले. समजा शब्द 'छत्री' असता (नाहीये, काळजी नको), तर मी बादलीत छत्री उघडून मुकादमांना अंघोळीला बसवलं असतं. एकदा बसवले की ते उठत नाहीत. मग पुढची वस्तू, पुढचा माणूस. घरातून मनाने चालत आलं की शब्द आपोआप ओळीने हाताला लागतात. मी ते ट्रकमध्ये करायचो, जिने चढताना करायचो, झोप येत नसली की करायचो.

ताई गेल्या आठवड्यात इथे दोन दिवस येऊन राहिली, तेव्हा तिला मी हे घर हिंडवून दाखवलं. तोंडी, कानात. पलीकडच्या खाटेवरच्या टेलरकाकांना वाटलं बहीण-भाऊ रडतायत, म्हणून बिचाऱ्यांनी तोंड फिरवलं. आम्ही खरं तर हसत होतो, कारण कोळशाच्या पोत्यावर मी मामाला काय करायला बसवलंय ते ऐकून ताईला ठसका लागला होता. तरी तिचं चुकलं. ती दारातून आत आली. घरात राहणारी माणसं घर असंच बघतात, बाहेरून आत. आमच्या धंद्यात उलट. आतलं आधी काढायचं, दारातलं शेवटी. तेव्हा पुन्हा लिहून ठेवतो: ताई, चालायला सुरुवात आईच्या पलंगापासून करायची आणि शेवट जिन्याच्या वरच्या पायरीवर. फोनवर तिने ते मग बरोबर म्हणून दाखवलं. बारा शब्द सुखरूप पोचले.

कलम ३. वॉलेट. त्यातलं सगळं, माझ्या वाट्यासकट, लंब्याची बायको म्हणजे माझी वहिनी आणि तिची मुलगी यांना द्यावं. लंब्या आता नाही. हिवाळ्यात उतारावर ब्रेक गेले. मी मागे कुणाच्या तरी गाद्यांमध्ये झोपलो होतो म्हणून वाचलो. तो पुढे होता. मला कुठे लागलंय ते बघायला डोक्याचा फोटो काढला, त्यात लागलेलं काही नव्हतं, भलतंच निघालं. म्हणजे लंब्या मेला म्हणून माझी गाठ सापडली. याचे आभार कुणाचे मानायचे ते मला कळलेलं नाही.

वहिनीला वॉलेट आहे एवढंच ठाऊक आहे. ती मला भेटायला आली तेव्हा एकदाही त्याबद्दल बोलली नाही. माझी नखं कापून दिली, सफरचंद ठेवलं आणि जाताना म्हणाली, "खोली सोडायला सांगितलीय भाऊजी. तुम्ही बरे व्हा, सामान तुम्हीच हलवा." मी म्हणालो, "हलवतो." हे मी खोटं बोललो असेन, तर वॉलेट तरी उघडायला हवं. म्हणजे तिला सामान हलवावं लागणार नाही.

कलम ४. तेरावा शब्द. बारा शब्दांवर आणखी एक शब्द आपल्या मनाने लावता येतो, चोरांसाठी कुलूप म्हणून. आम्ही लावला. लंब्या म्हणाला, "जे तू मेलास तरी विसरणार नाहीस असं काहीतरी ठेव." मी क्षणभरही विचार केला नाही. मी घर सोडलं त्या दिवशी दादाने मला जे फेकून मारलं, त्या वस्तूचं नाव ठेवलं. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे. म्हणून त्याला मी कुठली जागा दिली नाही, कुणी माणूस उभा केला नाही. आरशात बघितलं की झालं, असं म्हटलं.

आता आरशात बघतो तर नुसती खूण दिसते.

दादा दिसतो. त्याची खाट, खाटेवरचा पाणीपंपाचा उघडा भाग, ग्रीसने माखलेली फडकी. परीक्षेला न जाता मी ट्रक भरायला गेलो होतो, ते त्याला त्याच दिवशी कळलं होतं. "माझे हात बघ," तो म्हणाला, "असे हात करायचेत तुला?" मी म्हणालो, "तुझ्यासारखे तर नक्कीच नाही करणार." मग त्याचा हात वर जातो. हातात काहीतरी आहे. तिथे डोक्यात पांढरा डाग आहे, फोटोत दिसतो अगदी तसाच.

तेराव्या शब्दाची आणखी एक खोड आहे. चुकीचा दिला तर वॉलेट नाही म्हणत नाही. उघडतं. आत काहीच नसतं. बरोबर वाटणारं, रिकामं. आम्ही परवा तासभर तेच केलं. ताई तिकडे फोन घेऊन, मी इकडे.

"पाना?"

"रिकामं."

"पट्टा?"

"रिकामं. लाटणं बघू का?"

"दादा आणि लाटणं? तो पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात जायचा नाही."

"मग घड्याळ? अरे गाढवा, मार कशाचा खाल्लास तेवढं तरी लक्षात ठेवायचंस."

"तेवढंच लक्षात ठेवलं होतं, ताई."

मग ती म्हणाली, "खोलीत तुम्ही दोघंच होतात. मी सासरी होते, आई बाजारात. दादाला विचारते."

"विचारलंस तर मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. शपथ घे."

"आणि लंब्याच्या मुलीचं काय?"

मी पुन्हा म्हणालो, "आधी शपथ." तिने शपथ घेतली आणि फोन ठेवून दिला. नेहमी ती 'जेवलास का' विचारून ठेवते.

कलम ५. दादा. आधी मी इथे लिहिलं होतं की दादाला काही देऊ नये आणि काही कळवूही नये. ते खोडलं आहे, खाडाखोडीवर सही केली आहे. कारण लिहिता लिहिता लक्षात आलं की वहिनीची खोली माझ्या ताठ्यावर टांगून ठेवली आहे, आणि ते टांगणं चांगलं बांधलेलंही नाही. मुकादमांनी बघितलं असतं तर कानाखाली दिली असती. तेव्हा नवं कलम असं: उद्यानंतर मी नसलो, किंवा असून काही उपयोगाचा नसलो, तर ताईची शपथ सुटली असं समजावं आणि तिने दादाला विचारावं. मी शुद्धीवर असेपर्यंत मात्र नाही.

तो सांगेल का, माहीत नाही. त्याला आठवत असेल का, तेही नाही. मारणाऱ्याच्या कशाला लक्षात राहील? रक्त पुसायला मी जिन्यावर बसलो तेव्हा त्याने दार लावून घेतलं. भुवई फाटली हेसुद्धा त्याने बघितलेलं नाही. त्यानंतर चार शब्द आमच्यात झालेले नाहीत. आईच्या वेळीही आम्ही ताईमार्फत बोललो.

त्याला द्यायला माझ्याकडे एकच वस्तू आहे. त्याच्या पंपाचा एक छोटा पितळी वायसर, त्या दिवशी निघताना माझ्या बुटात आला होता. कुठल्या कुठल्या गावांतून फिरून आलाय. कप्प्यात ठेवला आहे. त्याच्या कामाचा नसेल, तरी द्यावा.

कलम ६. मी वाचलो पण कोरा झालो तर. जुने फोटो दाखवून "हा कोण, ही कोण" असं कुणी विचारत बसू नये. टेलरकाकांना रोज विचारतात, आणि ते रोज त्यांच्या बायकोला "ओळखीच्या वाटता" म्हणतात. ती बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येते. माझ्या हातात काहीतरी जड द्यावं आणि जिना दाखवावा. माझा अंदाज आहे, पाठीला आठवेल.

कलम ७. हे पेन मावशींचं आहे, ते त्यांना परत द्यावं.

वरची सगळी कलमं मी वाचून पाहिली, जिथे भरकटलो तिथेही माझंच आहे असं समजावं. कलम चारमधल्या शब्दासाठी खाली एक ओळ कोरी सोडली आहे. ज्याला कधी भरता येईल त्याने ती कागदावर भरू नये, ताईच्या कानात भरावी.

तेरावा शब्द: ....................

सही: भिंगरी (दाखल्यावर जे पूर्ण नाव आहे तोच मी)

साक्षीदार पहिले: टेलरकाका, शेजारची खाट. त्यांनी मला सही करताना बघितलं. त्यांची सही माझ्यापेक्षा वळणदार आली.
साक्षीदार दुसऱ्या: वॉर्डातल्या मावशी. "यात माझ्या नावावर काही नाही ना, मग करते," असं म्हणून सही केली.

ठिकाण: दुसरा मजला, खिडकीकडची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दाखल्यावर आहे तीच. भेटीची वेळ नुकतीच संपली आहे.

ता. क. सह्या होऊन मावशी पेन घेऊन खाली गेल्या आणि लगेच वर आल्या, म्हणून ही ओळ त्यांचंच पेन पुन्हा मागून लिहितो. खाली एक जण आलाय. पास नाही, म्हणून वॉचमनने दारात अडवलाय. नाव सांगत नाही. वय झालेला, हातांना ग्रीस. ताई शपथ मोडणार नाही, हे मुकादमांचं काम असणार, घराचा पत्ता त्यांच्याकडे आहे.

मी मावशींना विचारलं, "काय म्हणतो तो?"

मावशी म्हणाल्या, "म्हणतो, वर नाही सोडलं तरी चालेल. आमच्या भिंगरीच्या डाव्या भुवईला खूण राहिली का, तेवढं बघून येऊन सांगा."