निम्म्या वेळात उत्तर

प्रिय नमू,

"बाबा, शांततेचं गणित कुणाला हवंय? संशोधन सोडते, बँकेत नोकरी मिळतेय," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी गप्प राहिलो. तुझी आई तेव्हापासून माझं कपाळ चाचपतेय. अगं, मला आधी इथली बातमी पुरी होऊ द्यायची होती.

पुनर्विकासात डोंगराकडची बाजू कुणाला आणि नाल्याकडची कुणाला, यावरून आपल्या ए आणि बी विंगचं बोलणं बंद झालं होतं, हे तुला ठाऊक आहे. आमच्यातर्फे मी बोलायचो, बी विंगतर्फे सुगंधा राणे. मी ठिणगी टाकली की ती वणवा घेऊन यायची. गावच्या भजनाच्या डबलबारीसारखंच! एका बुवाने गजर केला की समोरच्याने त्याच्यावर चढवायचाच.

दिवाळीत आलीस तेव्हा आमची सभा पाहून तू कागदावर दोन बाण काढलेस, एक आमच्याकडून त्यांच्याकडे, एक त्यांच्याकडून आमच्याकडे. म्हणालीस, "एकाच्या रागाने दुसऱ्याचा राग किती पट होतो, एवढंच बघायचं. एकाहून जास्त पट असेल तर भडका, कमी असेल तर आपोआप विझतं." मी भडकलोच. गिरणीच्या फाटकावर अन्यायाविरुद्ध घसा फोडलेला माणूस मी, आणि पोटची पोर मला पट म्हणते! अन्याय कुणी केला हे न विचारणारं गणित मला आजही अर्धंच वाटतं. ते मी मरेपर्यंत सांगेन.

पण ती पट डोक्यातून जाईना. गेल्या सभेत माईक घेतला आणि नियम मांडला: समोरचा जेवढा वेळ बोलला, त्याच्या निम्म्या वेळात उत्तर द्यायचं, म्हणजे पट अर्ध्यावर. घड्याळ दोन्ही विंगना चालणाऱ्या शांताबाईंच्या हातात. सुगंधा म्हणाली, "काका, आधी तुम्ही पाळून दाखवा, मग बघू!" तिने दहा मिनिटं आम्हाला सोलून काढलं. मला पाच मिळाली, त्यात जुने टोमणे मावेनात. मग तिला अडीच. माझ्या पुढच्या पाळीला एवढंच सांगता आलं की आमच्या म्हाताऱ्यांना नाल्याचे डास सोसत नाहीत. सुगंधा उठली, घड्याळाकडे बघत म्हणाली, "डास आम्हाला पण चावतात ओ! बिल्डिंग आडवी फिरवा ना, दोघांना डोंगर दिसेल." सभेत हशा पिकला. काल आर्किटेक्टने नवा नकाशा आणला. दोन्ही विंगना थोडा डोंगर, थोडे डास. आई सुगंधाकडे घावणे देऊन आली.

आता खरं काम. सुगंधाच्या ऑफिसातला विपुल कोळीवाड्यातला. तिथे मासळी सुकवायच्या जागेवरून दोन गट हमरीतुमरीवर आलेत. "काका, येऊन दोन शब्द बोला," म्हणाला. मी म्हटलं, मी नाही, माझी मुलगी येईल. तुला न विचारता शब्द दिला, चिडायचं तर चीड. पण बँकेला हो म्हणण्याआधी एकदा ये. त्यात कोण नाडलं जातंय ते मी शोधतो, पट तू मोज. आपल्या दोघांचं अर्धं-अर्धं मिळून तरी पुरं होतंय का, बघू. बोलायचं तू. मी पुढच्या रांगेत तोंड मिटून बसेन. आई म्हणते, हे ह्यांना जमायचं नाही. निदान ते बघायला तरी ये. उत्तर या पत्राच्या निम्मंही नको. "येते" एवढं पुरे.

तुझाच,
बाबा