उपड्या वाटीखालचा विषय

मेहरूण, जळगाव
कोजागिरी, १९१९

भाऊ,

तुझ्या झुंबरचा नमस्कार. हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला कळत नाही, तरी लिहिते.

भुलाबाईची गाणी झाली की पोरींना झाकलेला खाऊ ओळखायला लावतात, तसा तू मला रोज सकाळी भिंतीतल्या देवळीत वाटी उपडी घालून विषय द्यायचास. खाली कधी कापसाचं बोंड असायचं, कधी फुटकी बांगडी. "न उघडता लिही, झुंबर. ओळखलंस तर कविता, चुकलीस तर गोष्ट." सासरहून पांढरं कपाळ घेऊन आलेल्या मला तू असं बोलतं केलंस.

गेल्या वर्षी धुळ्याला निघतानाही तू वाटी ठेवून गेलास. मग तिकडच्या तापाच्या साथीत तू गेल्याचा निरोप आला. मी वाटी उचलली नाही. सुरुवातीला तिला मुंग्या लागायच्या, पुढे त्याही यायच्या थांबल्या. मी मात्र रोज वेगळं ओळखून लिहीत राहिले. गूळ लिहिला, बत्तासा लिहिला, एकदा तुझं परत येणंही लिहिलं.

काल माय म्हणाली, "उचल वं बाई ती वाटी. तो आते येवाव नही." तू आता येणार नाहीस हे तिच्या तोंडून ऐकलं आणि मी उचलली. खाली काहीच नव्हतं. मग देवळी पुसली, वाटी घासली आणि होती तशीच उपडी घातली.

भाऊ, आज सकाळी वाटीला मुंग्या लागल्यात.

मी उचललेली नाही. आधी लिहायचं असतं ना?

तुझीच,
झुंबर