डाव्या तोंडाच्या गोगलगाई

१२ जाने. १९९९, शिरूर
काकीनं गावाकडून, राहूहून, पाठवलेला डबा एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिला. आमच्या पाझर तलावातल्या गोगलगाई. अर्धा डबा पुरे म्हटलं होतं, आला काठोकाठ. प्रयोगशाळेत एकेक पाहिली, शंखाचं टोक वर, उघडी बाजू माझ्याकडे. बहुतेक सगळ्यांचं तोंड डावीकडे, म्हणजे मेंढरांना निरुपद्रवी अशी परदेशी जात. मत्स्यबीजाबरोबर आली असणार. पण वरच्या थरात थोड्या उजव्या. उजवी म्हणजे लिम्निया, मेंढरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखा जंत जातो तो हिच्यामुळं. दिवाळीत घरी आप्पांची काही मेंढरं जबडे सुजून मेली. प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "लेबल लावा आणि पुढे चला." पुन्हा पाहिलं. उजव्याच.

१४ जाने., राहू
संक्रांत. आप्पांनी विचारलं, "काय निघालं मग, बाय?" सांगितलं. न सांगून कसं चालेल?

१९ जाने., शिरूर
सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आप्पा थेट ग्रामपंचायतीत गेले. ठरलं: तलावात मोरचूद टाकायचं, गोगलगाय समूळ घालवायची. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ, आणि मेंढीला तांबं सोसत नाही. ते पाणी प्याली तर जंताआधी मोरचूदच मारेल. एस.टी.डी. बूथवरून गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला, आप्पांना बोलावून घेतलं.
"डाळिंबावर मारत्यात की मोरचूद. खाणाऱ्याला काय झालंय?"
"आप्पा, डाळिंब म्हणजे मेंढरू न्हाई."
"आन् शंखातनं रोग येतो म्हनून तूच सांगितलंस न्हवं?"
बिल वाढत होतं. ठेवला.

२४ जाने., राहू
रविवार. गाळणी घेऊन स्वतः तलावात उतरले. गवत, दगड, म्हशी बसतात तो चिखल. सगळ्या डाव्या. उजवी एक नाही. घरी येऊन काकीला विचारलं, डबा नक्की कुठं भरला?
"तलावातच की. पर अर्धाच झाला. मग वरचं कॅनॉलवरनं भरलं."
"अर्धाच हवा होता ना!"
"पोरीचा डबा अपुरा धाडायचा व्हय? लोक काय म्हनतील."
"कोण म्हणेल? गोगलगाई?"
"शिकलीस आन् तिरकी झालीस."
शाळेआधी अक्षरं हिनंच शिकवली, आकडे आप्पांनी, मेंढरं मोजता मोजता. कुणाचं भांडं रिकामं किंवा अपुरं परत करू नये, हेही हिचंच. डब्यात वरचा थर कुठला, खालचा कुठला एवढं मी पाहिलं, लिहूनही ठेवलं, पण दोन थर का, हे विचारलं नाही. उजव्या गोगलगाई कॅनॉलच्या.

२७ जाने., शिरूर
मॅडमना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुने घ्या, मग लिहा."
पावसाळ्यानंतर! मोरचुदाची पोती कालच गावात येऊन पडलीत. सोमवारी टाकणार.

३० जाने., राहू
सरपंचांकडे गेले. आप्पा सोबत. डब्याची गोष्ट सांगितली. सरपंच हसले, मग एकदम गंभीर.
"ताई, एकच सांगा. तलावात ती उजवी हाय का न्हाई?"
"मला सापडली नाही."
"म्हंजी न्हाई."
"नाहीच, असं नाही म्हणता येत."
"म्हंजी हाय."
"तसंही नाही."
"आप्पा, ही पोरगी कालेजात काय शिकती?"
मोरचुदानं मेंढरं मरतील म्हटलं, तर सरपंच म्हणाले, चार दिवस पाजू नका. चार दिवसांनी तांबं उडून जातं का? शेवटी म्हणाले, सोमवारी सभेत तुम्ही "न्हाई" असं उभं राहून सांगा, पोती उघडत न्हाई.
एक शब्द. खोटा असेलच असंही नाही.

३१ जाने.
दिवसभर पाण्यात. सगळ्या डाव्या. पलीकडची बाजू, बाभळींखालची, राहिली आहे. उद्या सभेआधी उतरेन. तिथं एक जरी उजवी निघाली तर तेही सभेत सांगावं लागेल.
आप्पांना म्हटलं, काहीही ठरो, निदान तोवर मेंढरं या पाण्यावर आणू नका, दुसरीकडं पाजा.
"दुसरीकडं म्हंजी कुठं?" आप्पा म्हणाले. "कॅनॉलवर?"